बंदर कुठे, किती मोठं आणि कशासाठी : देशपातळीवरच्या बंदर नियोजनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जगाच्या व्यापारातला वजनानं ८० टक्क्यांहून अधिक माल समुद्रानं जातो. तरी बंदर हा विषय बातमीत येतो तो भूमिपूजनाच्या दिवशी, नाहीतर जहाजं अडकून पडली की. मधली पंचवीस-तीस वर्षं, ज्यात खरे निर्णय होतात, ती कुणी पाहत नाही. पुढचे प्रश्न त्या मधल्या वर्षांबद्दलचे आहेत.

राष्ट्रीय बंदर नियोजन म्हणजे नेमकं काय? नव्या प्रकल्पांची यादी?

यादी म्हणजे नियोजन नव्हे, पण बहुतेक ठिकाणी नियोजनाच्या नावाखाली यादीच छापली जाते. प्रत्येक किनाऱ्याला काहीतरी मिळतं, नकाशावर ठिपके वाढतात आणि कुणी नाराज होत नाही.

खरं नियोजन तीन गोष्टी ठरवतं. कोणता माल कोणत्या किनाऱ्यावरून जावा. त्यासाठी कुठे खोल पाणी, रेल्वे आणि जमीन राखून ठेवायची. आणि कुठे बंदर बांधायचं नाही, निदान सरकारी पैशानं तरी नाही. तिसरी गोष्ट सर्वात अवघड, म्हणून ती बहुधा कागदावर उतरतच नाही. माझ्या मते आराखड्याची किंमत त्यातल्या नकारांवरून करावी.

प्रत्येक बंदराचा स्वतःचा मास्टर प्लॅन असतोच. मग वर आणखी एक थर कशाला?

कारण प्रत्येक बंदराचा प्लॅन एकच गृहीत धरतो : शेजारच्या बंदराचा माल आपल्याकडे येणार. शेजारच्याही प्लॅनमध्ये तेच लिहिलेलं असतं. दोन्ही आराखडे आपापल्या जागी तर्कशुद्ध असतात, पण देशाच्या हिशोबात तोच कंटेनर दोनदा मोजलेला असतो.

जर्मनीचं उदाहरण पाहा. तिथे बंदरं राज्यांच्या अखत्यारीत येतात. हॅम्बर्ग एल्ब नदीत, समुद्रापासून शंभरेक किलोमीटर आत आहे, त्यामुळे जहाजं मोठी होत गेली तशी नदी पुन्हा खोल करायची वेळ आली. खुल्या खोल पाण्यावर विल्हेल्म्सहाफेनला नवं बंदर हॅम्बर्ग, ब्रेमेन आणि लोअर सॅक्सनी या तीन राज्यांनी मिळून बांधावं, असा विचार झाला होता. हॅम्बर्गनं अंग काढून घेतलं आणि लोअर सॅक्सनी व ब्रेमेननं ते बांधलं. सप्टेंबर २०१२ मध्ये ते सुरू झालं तेव्हा वार्षिक क्षमता होती २७ लाख टीईयू. (टीईयू म्हणजे वीस फुटी कंटेनरचं एकक.) २०१३ या पहिल्या पूर्ण वर्षात एक लाखही टीईयू आले नाहीत. तिकडे हॅम्बर्ग नदी खोल करण्यासाठी न्यायालयात लढत राहिलं आणि अखेर नदी खोल झालीही. म्हणजे एकाच मालासाठी दोनदा खर्च झाला. विल्हेल्म्सहाफेनची जागा चुकीची नव्हती. २०२५ पासून जहाज-कंपन्यांच्या एका मोठ्या आघाडीनं ते आपलं प्रमुख ठाणं केलं आहे. चुकला तो क्रम, आणि क्रम ठरवणं कोणत्याच एका राज्याचं काम नव्हतं. जर्मनीनं २००९ मध्ये राष्ट्रीय बंदर संकल्पना आणि २०२४ मध्ये राष्ट्रीय बंदर धोरण आणलं, त्यामागे हा अनुभवही आहे.

हे सगळं बाजारावर का सोडू नये? जे बंदर स्वस्त आणि चटपटीत असेल तिकडे जहाजं जातीलच.

या प्रश्नात तथ्य आहे. ब्रिटनचा दाखला बाजाराच्या बाजूनंच जातो. १९६२ मध्ये लॉर्ड रॉचडेल यांच्या समितीनं बंदरांसाठी राष्ट्रीय योजना हवी असं सांगितलं, १९६४ च्या कायद्यानं राष्ट्रीय बंदर परिषद स्थापन झाली. आणि कंटेनरच्या युगात मुसंडी मारली ती फेलिक्स्टो या खासगी बंदरानं, जे आधी कुणाच्या खिजगणतीतही नव्हतं. जुन्या गोद्यांमधली कामगार-व्यवस्था तिथे लागू नव्हती. १९६७ मध्ये त्यांनी कंटेनरसाठी खास टर्मिनल उभारलं. लंडनच्या गोद्या त्यानंतर एकेक करून बंद पडल्या. परिषद १९८१ मध्ये गुंडाळली गेली.

परिषदेच्या काळातली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. ब्रिस्टलजवळ पोर्टबरीला मोठी गोदी बांधायचा प्रस्ताव सरकारनं १९६६ मध्ये फेटाळला. स्थानिकांनी हार मानली नाही, आराखडा बदलून पुन्हा आणला, आणि १९७७ मध्ये पोर्टबरीची गोदी सुरू झालीच. एकदा दिलेला नकार पुढचं दशकही टिकला नाही, आणि वरून योजना आखणाऱ्यांची दृष्टी नेहमी लांबची असते असंही नाही.

तर मग नियोजन कशाला? धक्क्यावर कोणती क्रेन बसवायची, कामगारांच्या पाळ्या कशा लावायच्या, दर काय आकारायचा हे बाजाराला उत्तम कळतं. पण बंदराच्या पुढची खोली आणि मागची वाट बाजार बनवत नाही. समुद्रातला जलमार्ग, लाटा अडवणारी भिंत, शहरातून बाहेर काढणारी मालगाडीची लाइन ही एकदाच बांधायची, पन्नास-शंभर वर्षं टिकणारी आणि सगळ्यांनी मिळून वापरायची कामं. त्यांचा खर्च बहुतेक वेळा सरकारच उचलतं. आणि पैसा सरकारचा असेल, तर तो दहा ठिकाणी थोडाथोडा द्यायचा की दोन ठिकाणी पुरेसा, हा निर्णय कुणीतरी घेतलाच पाहिजे. ठरवलं नाही तरी निर्णय होतोच, फक्त तो त्या वर्षी कुणाचं वजन जास्त होतं त्यावर होतो.

दोन लहान बंदरं बरी की एक मोठं?

हा प्रश्न गणिताचा आहे आणि मजेदार आहे, म्हणून जरा थांबतो.

समजा एका बंदराला एकच धक्का आहे. जहाजं वेळापत्रकानं येत नाहीत, कधी तीन एकदम, कधी चार दिवस एकही नाही. माल उतरायला लागणारा वेळही कमी-जास्त. अशा रांगेचं साधं गणित असं सांगतं : धक्का वर्षातला ५० टक्के वेळ व्यापलेला असेल, तर जहाजाला सरासरी जितका वेळ माल उतरवायला लागतो तितकाच वाट पाहण्यात जातो. व्याप ८० टक्क्यांवर गेला की वाट पाहणं चौपट होतं आणि ९० टक्क्यांवर नऊपट. म्हणजे ‘धक्का रिकामा पडलाय, पैसा वाया जातोय’ असं वाटत असताना तो खरं तर आपलं काम करत असतो. आणि व्यवस्थापक ज्या ९० टक्के वापराचा अभिमान बाळगतो, त्याचं बिल बाहेर नांगर टाकून उभी असलेली जहाजं भरतात. शेवटी ते माल घेणाऱ्याच्याच खात्यात पडतं.

आता दोन धक्के एकाच ठिकाणी ठेवा. जो आधी मोकळा होईल त्यावर पुढचं जहाज. व्याप तोच, ८० टक्के. वाट पाहणं चौपटीवरून पावणेदोन पटीच्या आसपास येतं. जहाजं तितकीच, धक्के तितकेच, फक्त एकत्र. प्रत्यक्षात कंटेनर जहाजांना ठरलेली वेळ असते, त्यामुळे आकडे इतके वाईट नसतात, पण वळण तेच राहतं. विखुरलेल्या प्रत्येक बंदराला गर्दीच्या दिवसासाठी वेगळी मोकळी जागा राखावी लागते आणि ती सगळी मोकळी जागा देशाच्या खर्चात धरावी लागते.

याचा अर्थ सगळं एकाच बंदरात कोंबा असा नाही. एका बंदराकडे सगळा माल वळवला की जमिनीवरचं अंतर वाढतं, त्या एका शहराचे रस्ते तुंबतात. कोळसा, खनिज, धान्य, तेल हा जड आणि स्वस्त माल ज्या कारखान्याला किंवा खाणीला हवा त्याच्या जवळच उतरलेला बरा, त्याला लांबची वाट परवडत नाही. कंटेनरचं तसं नाही, तो लांब प्रवास सोसतो. म्हणून कंटेनर एकत्र करायचा आणि सुटा माल पसरू द्यायचा, असा ढोबळ कल निघतो. नेमका आकडा देशागणिक बदलेल, पण हा हिशोब कुणीतरी मांडलेला असला पाहिजे आणि तो एका बंदराच्या कचेरीत बसून मांडता येत नाही.

जहाजं मोठी झाली तर बंदरांना काय त्रास? उलट एका खेपेत जास्त माल येईल.

२६ एप्रिल १९५६ रोजी ‘आयडियल एक्स’ नावाचं जहाज नेवार्कहून ह्यूस्टनला ५८ कंटेनर घेऊन निघालं. आज सर्वात मोठी जहाजं सुमारे ४०० मीटर लांब, ६० मीटरहून रुंद आणि २४ हजार टीईयूच्या क्षमतेची आहेत. भरलेलं असं जहाज पाण्याखाली सोळा मीटरच्या आसपास असतं. त्याच्या तळाखाली आणखी साधारण दहा टक्के पाणी लागतं, उघड्या समुद्राच्या लाटांत त्याहून जास्त. वळायला तितकाच मोठा फेर आणि ओढायला ताकदीचे टग.

जहाज-कंपनीची बचत समुद्रात होते, खर्च मात्र बंदराच्या वाट्याला येतो. खोली, लांब हाताच्या क्रेन, आणि एका दिवसात उतरलेले हजारो डबे (म्हणजे कंटेनर) तीन दिवसांत बाहेर काढणारी रेल्वे, सगळं बंदरानं करायचं. आणि इतकं मोठं जहाज थांबणार मोजक्याच ठिकाणी. पनामा कालव्याचे नवे मोठे दरवाजे २०१६ मध्ये उघडले, त्याच्या आधीपासून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर खोली वाढवायची चढाओढ लागली : मायामी, सव्हाना, चार्ल्स्टन, न्यूयॉर्क. न्यूयॉर्कच्या वाटेवरचा बेयॉन पूल तर जहाजं खालून जावीत म्हणून १५१ फुटांवरून २१५ फुटांवर उचलला. यातलं प्रत्येक काम स्वतंत्रपणे पटण्यासारखं असेलही, पण मोठं जहाज या सगळ्या बंदरांत पूर्ण भरलेलं येणार नव्हतंच.

एक बारकावा सहसा सुटतो. सर्वात मोठी जहाजं मुख्य मार्गावर आली की तिथली आधीची जहाजं दुय्यम मार्गांवर ढकलली जातात. त्यामुळे ज्या मध्यम बंदराला अजस्र जहाज कधीच दिसणार नाही, त्यालाही काही वर्षांत दोन-तीन मीटर खोली वाढवावी लागते.

गाळ काढण्याचा खर्च कुणी करायचा?

वरवर कंटाळवाणा प्रश्न, पण बंदरांमधली निम्मी भांडणं यावरच. खोली एकदा मिळवून भागत नाही, गाळ दरवर्षी भरतो. अमेरिकेत १९८६ पासून बंदर-देखभाल कर आहे, आयात मालाच्या किमतीच्या ०.१२५ टक्के. तो राष्ट्रीय निधीत जातो आणि त्यातून गाळ निघतो. लॉस एंजेलिस, सिएटलसारखी निसर्गतः खोल बंदरं म्हणतात, भरतो आम्ही आणि गाळ निघतो दुसऱ्याचा. उथळ बंदरं म्हणतात, नाहीतर आम्ही बुडू. दोघंही खरं बोलतात. कुणाला किती काळ पोसायचं हे धोरणात स्पष्ट लिहिलेलं नसेल, तर कराचा एक दर गुपचूप देशाचं बंदर धोरण होऊन बसतो.

बंदर म्हणजे समुद्राचं काम. त्यात रेल्वे आणि रस्त्याचा विषय कुठून आला?

बंदर समुद्राच्या बाजूनं क्वचित तुंबतं. ते तुंबतं जमिनीकडच्या फाटकाच्या बाजूनं. डबे बाहेर गेले नाहीत की यार्ड भरतं, यार्ड भरलं की क्रेनला डबा ठेवायला जागा नाही, मग जहाज सुटत नाही, मग मागचं जहाज नांगरावर. २०२१ च्या अखेरीस लॉस एंजेलिस आणि लाँग बीचच्या बाहेर शंभराहून अधिक जहाजं रांगेत होती. धक्के कमी होते असं नाही. ट्रक, चॅसी (कंटेनर वाहून नेणारा चाकांचा सांगाडा), गोदामं आणि माणसं यांची साखळी तुटली होती.

याच दोन बंदरांनी पूर्वी एक शहाणपणाचं काम केलं होतं. शेजारी आणि कट्टर स्पर्धक असूनही दोघांनी मिळून शहरातून जाणारा सुमारे ३२ किलोमीटरचा वेगळा मालगाडी मार्ग उभारला, अलामेडा कॉरिडॉर. एप्रिल २००२ मध्ये तो सुरू झाला आणि रस्त्यांवरची दोनशेच्या आसपास रेल्वे फाटकं टळली.

नेदरलँड्सनं रॉटरडॅमपासून जर्मन सीमेपर्यंत १६० किलोमीटरची फक्त मालगाड्यांसाठीची बेटुवे लाइन २००७ मध्ये पूर्ण केली. सीमेपलीकडे जर्मनीनं जोडायची तिसरी लाइन मात्र वर्षानुवर्षं रखडली. आपल्या हद्दीपर्यंत चकाचक काम, पुढे जुन्याच रुळांवर गर्दी. बंदराचा पृष्ठप्रदेश, म्हणजे जिथला माल त्या बंदरातून जातो तो भाग, कधीकधी दुसऱ्या देशात असतो, आणि तेव्हा राष्ट्रीय नियोजनही अपुरं पडतं.

‘आधी बंदर बांधा, जहाजं आपोआप येतील’ हे खरं आहे का?

कधीकधी. म्हणूनच हा विचार घातक आहे.

श्रीलंकेतलं हंबनटोटा बंदर पूर्व-पश्चिम जहाजमार्गाच्या अगदी जवळ आहे. नकाशावर पट्टी ठेवली की वाटतं, इथे बंदर हवंच. २०१० मध्ये ते सुरू झालं. पण जहाज जवळून जातं म्हणून थांबत नसतं. थांबायला आसपास माल हवा, नाहीतर एका जहाजातून दुसऱ्यात डबे बदलण्याची सोय हवी, आणि ती कोलंबोत आधीच उत्तम होती. कर्ज फेडण्याइतका धंदा आला नाही. २०१७ मध्ये बंदर ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं चिनी कंपनीकडे गेलं, ११२ कोटी डॉलरला. त्यानंतर मोटारगाड्यांच्या वाहतुकीत त्यानं जम बसवला आहे. पण मूळ प्रश्न राहतो : एका देशाला कोलंबोची पुढची टर्मिनलं आणि हंबनटोटा हे दोन्ही एकाच दशकात हवं होतं का?

मागणीचा अंदाज चुकणारच, हे गृहीत धरून चालावं. म्हणून अनुभवी नियोजक जागा आणि वाट आधी राखतात, धक्के टप्प्याटप्प्यानं बांधतात. पहिला टप्पा ठरावीक टक्के भरला की दुसऱ्याचं काम सुरू, ही अट आधीच लिहून ठेवतात. जमीन राखायला फार पैसा लागत नाही, पण राखली नाही तर पुन्हा मिळत नाही.

नियोजन नसल्यामुळे एखादा देश खरंच अडकला आहे का?

१९७५ चं लागोस. तेलाच्या पैशानं श्रीमंत झालेल्या नायजेरियानं बांधकामाचा धडाका लावला आणि सुमारे २ कोटी टन सिमेंटची मागणी नोंदवली. त्यातला सिंहाचा वाटा संरक्षण खात्याचा. लागोस बंदराची सिमेंट उतरवायची ताकद होती वर्षाला दहा लाख टनांच्या आसपास. शेकडो जहाजं समुद्रात उभी राहिली. करारानुसार उभ्या जहाजाला रोजचं डेमरेज (खोळंब्याची भरपाई) मिळत होतं, त्यामुळे काही जहाजमालकांनी मोडीत काढायच्या लायकीची जहाजं सिमेंट भरून मुद्दाम पाठवली. उभं राहण्यातच कमाई होती. दमट हवेत सिमेंट पोत्यातच घट्ट झालं. खाण्यापिण्याचा आणि औषधांचा माल त्याच रांगेत अडकला.

खरेदी करणाऱ्यानं बंदराला विचारलं नाही आणि बंदर ज्याच्या ताब्यात होतं त्याला खरेदी कळली नाही. यात तंत्रज्ञानाचा काडीचा प्रश्न नव्हता.

बंदरं केंद्राची की राज्यांची असावीत?

याला एक उत्तर नाही. भारताच्या राज्यघटनेत ‘प्रमुख’ म्हणून जाहीर झालेली बंदरं केंद्राच्या सूचीत आहेत आणि उरलेली समवर्ती सूचीत. जपाननं १९५० च्या कायद्यानं बंदरं स्थानिक शासनांकडे दिली, आणि पुढे माल शेजारच्या दक्षिण कोरियातल्या बुसान बंदराकडे सरकू लागल्यावर २००४ मध्ये निवडक बंदरांना ‘सुपर हब’ ठरवून पैसा तिकडे एकवटायचा प्रयत्न केला. इटलीनं २०१६ मध्ये २४ बंदर प्राधिकरणांची १५ केली, म्हणजे एका किनारपट्टीची अनेक बंदरं एका कारभाराखाली आली.

मालकी कुणाची यापेक्षा महत्त्वाचं आहे ते सीमारेषेपलीकडे पाहता येणं. शांघायजवळचं पाणी उथळ, गाळाचं. खोल पाणी होतं यांगशान बेटांजवळ, आणि ती बेटं शेजारच्या झेजियांग प्रांताची. तरी बंदर तिथे झालं, ३२ किलोमीटरहून लांब पूल बांधून ते जमिनीशी जोडलं आणि २००५ मध्ये शांघायचं बंदर म्हणून सुरू केलं. दोन प्रांतांना आपसांत सोडलं असतं तर ते इतक्या लवकर झालं नसतं. अर्थात तिथे ‘नाही’ म्हणू शकणारे लोकही कमी होते, हे विसरू नये.

टर्मिनलं खासगी कंपन्यांना दिली की सरकारची जबाबदारी संपते ना?

तिथूनच ती सुरू होते. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सनं २०१३ मध्ये बॉटनी आणि केंब्ला ही बंदरं दीर्घ भाडेपट्ट्यानं दिली. चांगली किंमत मिळावी म्हणून एक कलम मान्य केलं : त्याच राज्यातल्या न्यूकॅसल बंदरानं ठरावीक मर्यादेपलीकडे कंटेनर हाताळले तर सरकार भरपाई देईल. पुढच्या वर्षी न्यूकॅसल भाड्यानं देताना तो भार न्यूकॅसलवर टाकला. परिणाम असा की राज्यात कंटेनर बंदर कुठे वाढणार हे अर्थ खात्याच्या करारातल्या एका कलमानं ठरलं. ते सोडवायला वाद, खटला आणि शेवटी २०२२ चा कायदा लागला. ज्या देशात बंदरांचं धोरण आधी ठरत नाही, तिथे ते लिलावाच्या कागदपत्रांत लपून बसतं.

किनारा, मासेमारी, वाळू यांचा विचार प्रत्येक प्रकल्पाच्या पर्यावरण अहवालात होतोच. राष्ट्रीय आराखड्यात वेगळा कशाला?

कारण वाळू प्रकल्पाची हद्द मानत नाही. लाटांबरोबर किनाऱ्यालगत वाळू एका दिशेनं वाहत असते. समुद्रात आडवी भिंत घातली की एका अंगाला वाळू साचते आणि दुसऱ्या अंगाचा किनारा उपाशी राहून खचतो. मॉरिटानियात नुआकशोतचं नवं बंदर १९८६ मध्ये सुरू झालं. उत्तरेला वाळूचा पट्टा वाढला आणि दक्षिणेला समुद्र आत घुसत गेला. हे राजधानीचं शहर आहे, आणि सखल आहे.

प्रत्येक प्रकल्पाचा अहवाल ‘आमच्यामुळे थोडंच’ असं म्हणतो. एका किनारपट्टीवर अशा आठ ‘थोडंच’ची बेरीज कोणत्याच अहवालात नसते. मासेमारीचंही तसंच. एका जलमार्गानं जाळी टाकायची थोडी जागा जाते, पाच जलमार्गांनी धंदा जातो. शिवाय मच्छीमारांशी बोलणी बंदराची जागा ठरल्यावर होतात, तेव्हा त्यांच्या हाती फक्त भरपाईचा आकडा उरतो. जागा ठरायच्या आधी त्यांना विचारण्याची एकच वेळ असते, ती राष्ट्रीय आराखड्याची. आणि खरं सांगायचं तर तळ कुठे खडकाळ आहे, गाळ कुठल्या महिन्यात कुठे सरकतो, हे पाहणीच्या बोटीआधी त्यांना माहीत असतं.

सगळा माल मोजक्या बंदरांत एकवटला आणि तिथेच संकट आलं तर?

रास्त भीती. १७ जानेवारी १९९५ च्या भूकंपात जपानमधल्या कोबे बंदराचे धक्के कोसळले. ते जगातल्या पहिल्या दहा कंटेनर बंदरांपैकी होतं. दोनेक वर्षांत दुरुस्ती झाली, पण दरम्यान बुसानकडे गेलेला जहाजबदलीचा माल परत आला नाही. २६ मार्च २०२४ रोजी ‘डाली’ या जहाजाच्या धडकेनं बाल्टिमोरचा फ्रान्सिस स्कॉट की पूल पडला. सहा कामगार गेले, मुख्य जलमार्ग पूर्ण मोकळा व्हायला अकरा आठवडे लागले. शेजारच्या बंदरांत मोकळी जागा होती म्हणून माल तिकडे वळला.

वर रांगेचं गणित सांगताना एकत्रीकरणाची बाजू घेतली, इथे ती उलटते. एक मोठं बंदर स्वस्त, पण दुसरं बंदर म्हणजे विमा. विम्याचा हप्ता किती भरायचा हे कुठल्याही बंदराच्या ताळेबंदात दिसत नाही, कारण त्या बंदराला तो नुसता तोटाच असतो. तो आकडा देशानं ठरवायचा आणि उघड मांडायचा.

आराखडा किती वर्षांचा असावा?

जमीन, जलमार्ग आणि रेल्वेसाठी तीस ते पन्नास. धक्क्यांसाठी दहा. यंत्रांसाठी त्याहून कमी, कारण यंत्रं आराखड्यापेक्षा वेगानं बदलतात.

रॉटरडॅमनं समुद्रात भर घालून केलेल्या दुसऱ्या मासव्लाक्टेची चर्चा १९९० च्या दशकात सुरू झाली. २००५ मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायपीठानं सरकारचा निर्णय रद्द केला, पर्यावरण आणि मच्छीमारीचा अभ्यास कमी पडला म्हणून. तो पुन्हा झाला, २००८ मध्ये काम लागलं, २०१३ मध्ये बंदर उघडलं. म्हणजे बांधायला पाच वर्षं आणि ठरवायला पंधरा. सिंगापूरचं तुआस बंदर २०४० च्या दशकात पूर्ण होईल, तेव्हा क्षमता ६.५ कोटी टीईयू असेल आणि शहरातली जुनी टर्मिनलं कधीच रिकामी झालेली असतील. ती जमीन शहराला मिळणार, हेही पहिल्यापासून हिशोबात आहे.

लहान देशाला, ज्याला एकच बंदर आहे, याचा काय उपयोग?

अशा देशाचा निर्णय बहुधा ‘मोठं जहाज आपल्याकडे आणायचं नाही’ हाच असतो. शेजारच्या मोठ्या बंदरातून लहान जहाजानं माल आणणं खोल धक्का बांधण्यापेक्षा स्वस्त पडतं. मोठेपणाच्या हौसेपुढे हे सांगणं कठीण जातं.

एखाद्या बंदराची ‘क्षमता’ अमुक कोटी टन, असं वाचतो. त्याचा अर्थ काय घ्यायचा?

फार काही नाही. कोणत्या मालाची, धक्का किती टक्के व्यापलेला धरून, आणि जहाजाला किती वाट पाहायला लावून, हे तीन आकडे सोबत नसतील तर क्षमतेचा आकडा भाषणासाठी असतो. त्याऐवजी जहाज आल्यापासून सुटेपर्यंतचे तास आणि डबा उतरल्यापासून फाटकाबाहेर जाईपर्यंतचे दिवस विचारावेत.

आराखडा हाती आला तर सामान्य वाचकानं आधी काय पाहावं?

शेवटचं पान. तिथे कोणकोणत्या जागा तपासल्या आणि नाकारल्या, कशासाठी नाकारल्या, हे लिहिलंय का बघा. मग बंदराच्या खर्चाशेजारी रेल्वेचा खर्च दिसतो का ते पाहा, आणि तो रेल्वे खात्याच्या स्वतःच्या आराखड्यातही त्याच वर्षी आहे का ते ताडून बघा. सगळ्या बंदरांच्या अपेक्षित मालाची बेरीज करा आणि देशाच्या एकूण अपेक्षित मालाशी लावून पाहा. साधी बेरीज आहे, कागद-पेन्सिल पुरते. बेरीज दीडपट निघाली, तर कुठलं बंदर ओस पडणार हे आराखडा लिहिणाऱ्यांना माहीत होतं की नव्हतं, एवढंच विचारायचं उरतं.